गृहकर्ज, पूररेषा आणि पॉलिसीवरचा पत्ता

बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) जागा बघून जो अहवाल देतो, त्यात जमिनीच्या तपशिलात एक ओळ असते: 'वारंवार पूर येण्याची किंवा पाण्याखाली जाण्याची शक्यता'. तिच्यापुढं कितीतरी वेळा डोळे झाकून 'नाही' टाकलेलं असतं. अहवालाचा साचा संगणकात तयार, मागच्या फाईलवर पुढची फाईल चढते आणि कोल्हापुरात शेंडा पार्कच्या माळावरच्या फ्लॅटला जे उत्तर तेच कुंभार गल्लीतल्या तळमजल्याला. व्हॅल्युएशनची फी तुमच्या खात्यातून गेलेली असते, तेव्हा प्रत मागा. काउंटरवर 'ते बँकेचं अंतर्गत असतं' म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कर्जावर घर घेताना पुराबद्दल कुणी लेखी काही म्हणतं ते एवढंच. अमेरिकेत घर तारण ठेवण्याआधी बँकेला फेमा या तिथल्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नकाशावर जागा शोधून एका ठरावीक नमुन्यात 'पूरक्षेत्रात आहे' की 'नाही' हे भरावं लागतं. 'आहे' आलं की पूरविमा सक्तीचा, आणि ही सक्ती १९७३ च्या कायद्यापासूनची. आपल्याकडं असा एक कागद नाही. वेगवेगळ्या कार्यालयांतले कागद जोडून तो आपला आपणच तयार करायचा, तोही टोकन देण्याआधी. साठेखत नोंदवून पहिला हप्ता सुटला की मग ना बँक विचारते, ना बिल्डर.

आधी पाणी कसं येतं ते. नदी आपल्यापासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथं फार. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलट शहरात शिरतं. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली ही काही नदीकाठची ठिकाणं नव्हेत, तिथलं पाणी या फुगवट्याचं. म्हणून 'नदीपासून अंतर किती' हा प्रश्न चुकीचा. 'जोतं किती उंच' हा बरोबर.

उंचीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो तो राजाराम बंधाऱ्याचा: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. म्हणजे धोका पातळीच्या वर १३ फूट ३ इंच. पण हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आहेत, तुमच्या गल्लीतले नव्हेत. शिवाय बंधारा कसबा बावड्याला, पंचगंगा घाटाच्या खालच्या अंगाला आहे. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे वर शिवाजी पुलापाशी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली तर बंधाऱ्यापेक्षा जास्तच भरते. '४८ फुटांना आमच्या कोपऱ्यावर पाणी येतं' हा गल्लीतल्या जाणत्यांचा हिशेब सोनं आहे, तो लिहून घ्या. मात्र तो त्या कोपऱ्यापुरताच.

कागदावर चालतात त्या दोन रेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखून देतो आणि नगररचना विभाग त्या विकास योजनेच्या नकाशावर लावतो. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ २०२१ ला येऊन गेला, आता २१२१ पर्यंत निवांत, असा होत नाही. कोणत्याही एका वर्षी तो यायची शक्यता १ टक्का, एवढंच. निळ्या रेषेला ती ४ टक्के. कर्ज २० वर्षांचं धरलं तर त्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा पोचण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते आणि निळ्या रेषेपर्यंत सुमारे ५६ टक्के. अर्ध्याहून जास्त! कर्जाचा हप्ता पैशापर्यंत काढून देणारे सल्लागार हा हिशेब मांडत नाहीत.

बांधकामाचा नियम २ डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं बाग, पार्किंग, उघडी मंडई, सांडपाणी प्रकल्प असले वापर चालतात, नवं घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथं बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर. भूखंडाचा काही भाग निषिद्ध पट्ट्यात असेल तर त्याचा एफएसआय (किती बांधकाम करता येतं तो निर्देशांक) उरलेल्या भागावर वापरायची सोय आहे. त्यामुळे 'प्लॉटला पूररेषा लागली' म्हणजे प्लॉट बाद असं नाही, आणि 'परवानगी मिळाली' म्हणजे पाणी येणार नाही असंही नाही.

आता कागद. सुरुवात नंबरापासून. शहरात प्रॉपर्टी कार्डावरचा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वॉर्ड (ए, बी, सी, डी, ई), गावठाणाबाहेर रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) आणि सातबारा. अर्जात हा नंबर चुकला की पुढचं सगळं दुसऱ्याच्या जागेचं. 'ई वॉर्ड' न लिहिता नुसता सि.स.नं. दिला तर तोच आकडा दुसऱ्या वॉर्डातही निघतो.

मग महापालिकेच्या नगररचनेकडं, आणि हद्दीबाहेर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातलं गाव असेल तर प्राधिकरणाकडं, झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. इथं बऱ्याच जणांची गफलत होते. नुसता 'झोन दाखला मिळावा' लिहिलं की 'रहिवास विभाग' असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं, कारण झोन आणि पूररेषा या दोन वेगळ्या गोष्टी. रहिवास विभागातली जागा निळ्या रेषेच्या आत असू शकते. म्हणून अर्जात स्वतंत्र वाक्य हवं: 'सदर मिळकत निळ्या व लाल पूररेषेच्या संदर्भात कोठे येते ते भाग नकाशावर दर्शवून मिळावे, तसेच सदर पूररेषा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणानुसार आहेत हे नमूद करावे.' शेवटचा तुकडा महत्त्वाचा. विक्रेत्याकडचा दाखला जुना असेल तर तो २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या आधीच्या रेषांवरचा असू शकतो.

नकाशावरची रेषा जाड असते. छोट्या प्लॉटवर ती मधूनच गेल्यासारखी दिसते आणि मग 'आत की बाहेर' यावर तोंडी वाद चालतो. तो मिटवायचा तर पातळीचा आकडा लागतो. जलसंपदा विभागाकडं अर्ज करून जागेच्या जवळच्या साखळी क्रमांकाला (नदीच्या लांबीवरच्या अंतराच्या खुणेला) निळ्या आणि लाल रेषेची आर.एल. किती ते विचारायचं. आर.एल. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली उंची. मग लेव्हल यंत्र चालवणारा सर्व्हेअर गाठून जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून) चार ठिकाणांची आर.एल. काढून घ्यायची: समोरच्या रस्त्याचा माथा, पार्किंगची फरशी, जोत्याचा माथा आणि विजेच्या मीटरची खालची कड. मोबाईलमधली उंची या कामाला घेऊ नका, ती काही मीटरनी इकडंतिकडं होते आणि आपला वाद फुटाच्या आतला असतो.

समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) लाल रेषा ५४६.२० आहे. मग बांधकामाची पातळी किमान ५४६.६५ हवी. मोजल्यावर जोतं ५४६.३० निघालं तर ते लाल रेषेच्या वर आहे, बिल्डर तेवढंच सांगेल, पण नियमाला ३५ सेंटिमीटर कमी पडतं. आणि मीटरची पेटी ५४५.९० ला असेल तर घरात पाणी येण्याआधीच अख्ख्या इमारतीची वीज जाणार.

सर्व्हेअर मिळेपर्यंत स्वस्तातली एक तपासणी आहे. पुराच्या पाण्याची रेघ शेजारच्या जुन्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर, दुकानाच्या शटरवर अजून दिसते. गवंड्याची पाण्याची नळी घ्यायची, एक टोक त्या रेघेला, दुसरं आपल्या जोत्याला. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर दोन-चार इंचांची चूक सहज होते. अर्ध्या तासात २०२१ चं पाणी घरात किती इंच असतं ते कळतं.

हे सगळं करून बँकेला काय सांगायचं? जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तिन्ही बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. पेठांमधली जुनी घरं बऱ्याचदा परवान्याच्या आधीची असतात. त्यांना कर्ज मिळतंही, पण घर पडलं तर तसंच पुन्हा उभं करायला परवानगी लागते आणि तिच्यावर पूररेषेच्या अटी येतात. पॉलिसी दुरुस्तीचा खर्च देईल, परवानगी नाही देणार. नियंत्रित पट्ट्यात असेल तर बांधकाम परवान्यातल्या अटी ओळीनं वाचा, पातळीची अट तिथं आकड्यात असते. मोजणीचा कागद आणि भाग नकाशा व्हॅल्युअरलाच द्या. त्या एका ओळीपुढं 'नाही' लिहिणं मग त्याला अवघड जातं. मूल्य थोडं कमी निघेल, कर्जही कमी बसेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मूल्यांकन उतरलं की वरची रक्कम खिशातून घालावी लागते. नाराज होण्यापेक्षा तो आकडा घेऊन विक्रेत्याशी भाव बोला.

मंजुरीपत्रात 'विमा' हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा असतो. एक कर्जदाराच्या जिवाचा, कर्जदार गेला तर कर्ज फेडणारा. मोठा एकरकमी हप्ता याचाच असतो आणि तो कर्जात मिळवून त्यावर २० वर्षं व्याज घेतलं जातं. पुराशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'विमा काढलाय की, चाळीस हजार भरलेत' असं म्हणणाऱ्यांकडं पुष्कळदा हाच निघतो. दुसरा घराचा, ज्याचा हप्ता त्या मानानं किरकोळ असतो. तो काढण्याची सक्ती कायद्यानं नाही, पण कर्जकरारात तारण विमित ठेवायची अट असते. तुम्ही काढला नाही तर बँक काढून खर्च तुमच्या कर्जात टाकू शकते, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ७२ मध्येही तशी सोय आहे. मात्र अमुकच कंपनीचा घ्या असं बांधून घालता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाबरोबर मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात विम्याच्या नावानं लावलेली रक्कम दिसते. तिथं बोट ठेवून विचारा, हा कोणता.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. पूर आणि जलमय होणं तिच्या मूळ संरक्षणात आहे. पूर्वी हप्ता वाचवायला आगीच्या पॉलिसीतून वादळ-पुराचा भाग काढून टाकत. दुकान-गोदामाच्या जुन्या धाटणीच्या पॉलिसीत 'फायर' एवढंच वाचून समाधान मानू नका, पूर आहे का ते शेड्यूलवर बघा.

विमा रकमेचं गणित बँका चुकवतात. कर्ज ३६ लाखांचं म्हणून पॉलिसी ३६ लाखांची. पण जमीन वाहून जात नाही, तिचा विमा नसतो. पॉलिसीचा हिशेब साधा आहे: चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. ६५० चौरस फूट आणि दर २,२०० धरला तर १४ लाख ३० हजार. त्याहून जास्तीच्या रकमेचा हप्ता वाया जातो, कारण भरपाई प्रत्यक्ष खर्चाच्या पुढं जात नाही. दर मात्र प्लास्टर, वायरिंग, फरशी, नळकाम धरून लावा. आरसीसी इमारत पुरात पडत नाही, बिघडतं ते हेच. एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, यादी न देता संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात २ लाख ८६ हजार. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं, गाद्या यातच. त्याहून जास्त सामान असेल तर रक्कम जाहीर करून वाढवून घ्या. भिंतीला ठोकलेलं मॉड्युलर किचन इमारतीत धरायचं की सामानात, हे आधी लेखी विचारून ठेवलेलं बरं. दागिन्यांना वेगळं जोडसंरक्षण लागतं. रोकड आणि वाहन यात बसत नाही, पार्किंगमधली गाडी तिच्या स्वतःच्या पॉलिसीवर.

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही शाहूपुरी-लक्ष्मीपुरीची नेहमीची मांडणी. गृह रक्षा घरापुरती आहे. दुकानाला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी, एकूण ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तळमजला दुकान असून प्रस्तावात 'निवासी' लिहिलं तर नेमक्या पाण्यात गेलेल्या मजल्याचाच दावा अडकतो. फ्लॅट असेल तर लिफ्टचा खड्डा, मीटरचं पॅनेल, टाकीची मोटर ही सामाईक. त्यांचा विमा सोसायटीनं काढलेला असावा, तुमच्या पॉलिसीच्या भरवशावर राहू नका.

आणि पत्ता! पॉलिसीत 'जोखमीचं ठिकाण' असा रकाना असतो. बँकेतून घाऊक निघणाऱ्या पॉलिस्यांत तिथं कधी बँकेच्या शाखेचा पत्ता पडतो, कधी कर्जाच्या वेळी तुम्ही भाड्यानं राहत होतात तो. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शेजारी ठेवून सि.स.नं., वॉर्ड, इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. चुकलं असेल तर दुरुस्तीचा एंडॉर्समेंट मागा, तो पुराच्या आधीच होतो. प्रस्तावात पूर्वी पुराचं नुकसान झालं होतं का हा प्रश्न असेल तर खरं लिहा. २०१९ आणि २०२१ ची पंचनाम्याची यादी सरकारी दप्तरात आहे, लपत काही नाही, आणि माहिती दडवल्याचं कारण दावा नाकारायला पुरतं.

मुदतीचा घोळ वेगळाच. कर्ज २० वर्षांचं, गृह रक्षा जास्तीत जास्त १० वर्षांची, प्रत्यक्षात बऱ्याचदा एक, तीन किंवा पाच. मधेच संपते आणि कुणाला पत्ता नसतो, कारण मूळ पॉलिसी शाखेच्या फाईलमध्ये. मे महिन्यात प्रत मागवून शेवटची तारीख बघा. पाणी पात्राबाहेर आल्यावर पॉलिसी काढायला धावून उपयोग नाही.

पाणी आलंच तर कंपनीला फोन, ईमेल आणि दाव्याचा नंबर पहिल्याच दिवशी. पाणी असताना दारातून व्हिडिओ, ओसरल्यावर भिंतीवरच्या रेघेला टेप लावून फोटो, टेपचे आकडे आणि खोली दोन्ही एका चौकटीत. विमा कंपनीचा सर्व्हेअर 'ओल' आणि 'गळती' हे शब्द वापरू लागला की सावध व्हा. गच्चीतून झिरपलेलं पाणी पुरात बसत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या पाण्याची रेघ दिसली पाहिजे. गाळ काढावा लागतोच, पण फुगलेलं प्लायवुड, गाद्या, मोटर सर्व्हेअर बघेपर्यंत टाकू नका. जागाच नसेल तर कंपनीला ईमेलनं कळवून, फोटो काढून, प्रत्येकाचा तुकडा ठेवा. महसूल आणि महापालिकेचं पथक पंचनाम्याला येतं, त्याची प्रत घ्या. सरकारी मदत आणि विमा हे दोन वेगळे मार्ग आहेत, पण पाणी किती फूट होतं याचा तटस्थ पुरावा तोच. इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगची इन्सुलेशन चाचणी करून घ्या, तिचा लेखी अहवाल दाव्यातही लागतो. भरपाईखेरीज आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि ढिगारा-गाळ उचलायला २ टक्क्यांपर्यंत रक्कम पॉलिसीत आहे. मागितली नाही तर कुणी आठवण करून देत नाही.

पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर भरपाई आधी बँकेकडं जाते. ती मुद्दलात वळती करून घेतली तर कर्ज कमी होतं आणि घर ओलंच राहतं. म्हणून दाव्याबरोबरच शाखेला पत्र द्या: रक्कम दुरुस्तीसाठी सोडावी, बिलं सादर करतो. दावा चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही. सवलत जाहीर झाली तरी तिच्यासाठी वेगळा अर्ज असतो. कंपनीनं नाकारलं, किंवा तक्रार देऊन महिना झाला तरी उत्तर आलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं. ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही.

एक कागद कर्ज घेतानाच मिळवून ठेवायचा: बँकेकडं जमा केलेल्या मूळ दस्तांची सही-शिक्क्याची यादी. पूर बँकेच्या तळमजल्यालाही येतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे आणि बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दस्त हरवले किंवा खराब झाले तर नक्कल मिळवून देण्याचा खर्चही बँकेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. पण काय दिलं होतं हे दाखवायला ती यादी तुमच्याकडं हवी, आणि ती माळ्यावर ठेवा.